उजेडाचाही डोस असतो!

चेहऱ्याला लाल मास्क, केसांना लेझरचा कंगवा, पिवळ्या बाळाला कोवळं ऊन. उजेडाने बरं होतं असं सगळेच सांगतात. पण कोणत्या उजेडाने, किती आणि कशामुळे? राहुरीसारख्या उन्हाच्या गावात राहणाऱ्यांना तर हे माहीत असायलाच हवं.

शेवंतीच्या शेतात रात्री बल्ब लावलेले तुम्ही पाहिले असतील. लांबून वाटतं, कुणाकडे तरी लग्न आहे. जवळ गेलं तर मांडव नाही, वाजंत्री नाही. नुसती झाडांची ओळ आणि त्यांच्या डोक्यावर दिवे. शेवंतीला कळी धरायला लांब आणि सलग रात्र लागते. मध्येच दिवा लागला, की झाडाला वाटतं दिवस अजून मोठेच आहेत, आणि ते फुलायचं लांबवतं. शेतकऱ्याला फुलं हवी असतात सणासुदीच्या किंवा लग्नसराईच्या बाजाराला. म्हणून तो झाडाला उजेडाने थांबवून ठेवतो.

आता ड्रॅगन फ्रूटच्या बागेत जा. तिथेही रात्री बल्ब, पण काम नेमकं उलटं. ड्रॅगन फ्रूटला फुलायला मोठा दिवस लागतो. त्यामुळे हिवाळ्यात दिवस लहान झाले, की बल्ब लावून त्याला अवेळी फुलवतात.

उजेड दोन्हीकडे रात्रीचाच. एका झाडाचं फूल थांबलं, दुसऱ्याचं आलं.

राहुरीत १९६८पासून कृषी विद्यापीठ आहे. तिथे शिकणाऱ्यांना ‘फायटोक्रोम’ हा शब्द नवा नाही. झाडाच्या पेशीतलं हे एक रंगद्रव्य. लाल उजेड पडला की त्याचा आकार बदलतो, आणि त्यावरून झाडाला कळतं की दिवस आहे की रात्र. म्हणजे उजेड झाडाला फक्त अन्न देत नाही, निरोपही देतो. तो निरोप घ्यायला पेशीत कुणीतरी बसलेलं असावं लागतं.

मग माणसाच्या पेशीत असं कुणी बसलंय का? बसलंय, आणि एक नाही, बरेच जण आहेत. त्यांच्याच भरवशावर आज दवाखान्यांत प्रकाशाने उपचार होतात आणि त्यांचंच नाव घेऊन रील्समध्ये वाट्टेल ते विकलंही जातं. या दोन्हींतला फरक ओळखायचा कसा, तेच आज बघू.

आधी रंग, मग उजेड

रसायनशास्त्रात एक जुना आणि साधा नियम आहे, ग्रोथस-ड्रेपर नियम. पदार्थाने जो उजेड शोषला, तोच त्याच्यात बदल घडवू शकतो. जो नुसता आरपार गेला किंवा परावर्तित झाला, त्याने काहीच केलं नाही. प्रकाशाच्या उपचारांची सगळी गोष्ट या एका नियमावर उभी आहे.

अकरावी-बारावीतलं फिजिक्स आठवा. फोटॉनची ऊर्जा त्याच्या तरंगलांबीवर ठरते. १२४० या आकड्याला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागलं, की ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मिळते. ६६० नॅनोमीटरच्या लाल फोटॉनची ऊर्जा साधारण १.९, ४६०च्या निळ्याची २.७ आणि ३११च्या अतिनील फोटॉनची जवळपास ४. पेशीतल्या प्रत्येक रेणूला यातला ठरावीक हप्ताच चालतो. हप्ता चुकला तर फोटॉन कितीही पाठवा, रेणू ढिम्म.

रोजचं उदाहरण घ्या. ड जीवनसत्त्व उन्हात तयार होतं, हे आपल्याला माहीत असतं. त्वचेतला कोलेस्टेरॉलसारखा एक रेणू साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश शोषतो आणि तिथून ड जीवनसत्त्वाची सुरुवात होते. पण खिडकीची काच हा प्रकाश जवळजवळ सगळा अडवते. म्हणजे बंद काचेमागे ऊन खात तासभर अभ्यास केला तर उजेड मिळतो, ऊब मिळते, ड जीवनसत्त्व मात्र मिळत नाही. ऊन तेच, फक्त त्यातला कामाचा भाग गाळला गेला.

दुसरा मुद्दा खोलीचा. मोबाइलचा टॉर्च लावा आणि त्यावर बोट ठेवा. पांढऱ्या दिव्याचं बोट लालभडक दिसतं, कारण रक्तातलं हिमोग्लोबिन निळा आणि हिरवा रंग खाऊन टाकतं आणि लाल पुढे जाऊ देतं. निळा प्रकाश त्वचेत जेमतेम एखादा मिलिमीटर शिरतो. लाल आणि त्याच्या पलीकडचा अवरक्त त्याहून खोल जातो. त्यामुळे कोणत्या आजाराला कोणता रंग, हे कुणाच्या आवडीवर ठरत नाही. पेशीत शोषणारा रेणू कोणता आहे आणि तो किती खोल आहे, यावर ठरतं.

आता हे तीन रंगांत बघू.

निळा : पिवळं बाळ आणि कोवळं ऊन

आपल्याकडे पहिलं बाळंतपण बहुतेक वेळा माहेरी होतं. दवाखान्यातून दोन-तीन दिवसांत घरी सोडतात. आणि नेमकं तेव्हाच घरातलं कुणीतरी म्हणतं, “बाळ जरा पिवळं दिसतंय गं.” लगेच दुसरं कुणी तरी सांगतं, “काही नाही होत, सकाळचं कोवळं ऊन दाखवा.”

बाळ पिवळं दिसणं ही खरंच फार सर्रास गोष्ट आहे. पूर्ण दिवसांच्या शंभरातल्या साधारण साठ आणि अपुऱ्या दिवसांच्या शंभरातल्या ऐंशी बाळांना पहिल्या आठवड्यात थोडीफार कावीळ होते. पोटात असताना बाळाच्या रक्तात तांबड्या पेशी जास्त असतात. जन्मानंतर त्या भराभर मोडतात आणि त्यातून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं. ते बाहेर टाकायचं काम यकृताचं. पण नवजात बाळाचं यकृत अजून त्या कामाला सरावलेलं नसतं. बहुतेक बाळांमध्ये आठवड्या-दोन आठवड्यांत सगळं मार्गी लागतं.

काहींमध्ये मात्र बिलिरुबिन वाढतच जातं आणि मेंदूत शिरतं. तिथे झालेलं नुकसान भरून येत नाही. ऐकू न येणं, हातापायांच्या हालचालींवर ताबा नसणं, हे आयुष्यभराचं होऊन बसतं. वेळेत थांबवता आलं असतं असं हे अपंगत्व आहे, आणि ते थांबवतो निळा प्रकाश.

हा शोध लागला तो एका नर्सच्या नजरेमुळे. साल १९५६. इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यातलं रॉचफर्ड जनरल हॉस्पिटल. तिथे अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या विभागाची जबाबदारी सिस्टर जीन वॉर्ड यांच्याकडे होती. ऊन छान पडलं की त्या बाळांना अंगणात घेऊन जायच्या. एक दिवस त्यांनी राउंडवर आलेल्या डॉक्टरांना एक बाळ उघडं करून दाखवलं. सगळं अंग फिकं, आणि मध्येच त्वचेचा एक त्रिकोण गडद पिवळा. डॉक्टरांना वाटलं काहीतरी औषध लावलंय. खरं तर त्या त्रिकोणावर चादरीचं टोक होतं. तेवढाच भाग उन्हापासून झाकला गेला होता, म्हणून तेवढाच पिवळा राहिला होता. पुढे त्याच रुग्णालयात काविळीच्या बाळाच्या रक्ताची एक नळी चुकून काही तास खिडकीत उन्हात राहिली. तपासली तर त्यातलं बिलिरुबिन अपेक्षेपेक्षा बरंच कमी निघालं. मग डॉ. क्रेमर आणि सहकाऱ्यांनी दिव्यांचं यंत्र तयार केलं आणि १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यावरचा लेख छापून आला.

यंत्रात नेमकं घडतं काय? बिलिरुबिनचा रेणू ४६० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश सगळ्यात जास्त शोषतो. शोषला की त्याचा आकार वळतो, बदलतो. मूळ बिलिरुबिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून त्याला बाहेर पडायला यकृताची मदत लागते. आकार बदललेलं बिलिरुबिन मात्र पित्तातून आणि लघवीतून आपलं आपण निघून जातं. त्वचेखालून वाहणाऱ्या रक्तात हे सतत चालू राहतं. म्हणजे यकृत शिकेपर्यंत त्याचं काम उजेड करतो.

आता कोवळ्या उन्हाकडे येऊ. उन्हात निळा प्रकाश असतो, हे खरंच आहे. सिस्टर वॉर्ड यांना जे दिसलं ते उन्हातच दिसलं. मग घरचं ऊन का नको? कारण तिथे मोजमाप नाही. दवाखान्यातल्या यंत्राखाली बाळ तासन्तास असतं, डोळ्यांवर पट्टी असते, अंगावर फक्त लंगोट असतो, ताप आणि वजन बघितलं जातं, आणि ठरावीक वेळाने रक्त तपासून बिलिरुबिन उतरतंय की नाही हे पाहिलं जातं. घरी आपण बाळाला दुपट्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं उन्हात धरतो. एवढ्याने चढलेली कावीळ उतरत नाही. जास्त वेळ उघडं ठेवलं तर हिवाळ्यात बाळ गार पडतं, आणि उन्हाळ्यात राहुरीचं ऊन काय असतं ते सांगायला नको. उन्हासोबत अतिनील आणि अवरक्त किरणंही येतात, त्यांचा त्रास वेगळाच.

खरा धोका तर आणखी वेगळा आहे. ‘ऊन दाखवतोय ना’ म्हणून दोन दिवस जातात. कुठे काविळीची माळ घालतात, तिथे आणखी एक दिवस जातो. बिलिरुबिन वाट बघत नाही.

पण ऊन कायमचं बाद आहे का? नायजेरियातल्या लागोसमध्ये संशोधकांनी हाच प्रश्न घेतला. तिथे वीज बेभरवशाची आणि ऊन भरपूर. त्यांनी बाळांसाठी मांडव उभारले आणि त्यावर अशी फिल्म लावली, की अतिनील आणि अवरक्त प्रकाश अडेल आणि निळा आत येईल. नर्स सतत लक्ष ठेवून, बाळाचं तापमान मोजून, उजेड मोजून. २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निकाल आला. गाळलेलं ऊन उपचाराच्या ९३ टक्के दिवशी परिणामकारक ठरलं, नेहमीचं यंत्र ९० टक्के दिवशी. म्हणजे ऊन जवळपास यंत्राच्या बरोबरीने चाललं, पण गाळून, मोजून आणि दवाखान्याच्या आवारात. आपल्या ओट्यावरचं कोवळं ऊन आणि हे ऊन, यांत फरक आहे तो या तीन गोष्टींचा.

न दिसणारा : डागांवरचा उजेड

आता अतिनील. अंगावर पांढरे डाग येतात, त्याला आपण कोड म्हणतो. जुना शब्द तर ‘श्वेतकुष्ठ’, आणि त्या एका शब्दाने किती लग्नं मोडली असतील याचा हिशेब नाही. कोडाचा कुष्ठरोगाशी काहीही संबंध नाही आणि ते स्पर्शाने पसरत नाही. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर आपलीच प्रतिकारशक्ती हल्ला करते आणि त्या पेशी नष्ट होतात, एवढंच.

पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी कोड असलेल्यांसाठी ‘श्वेता असोसिएशन’ सुरू केली. त्यांना स्वतःला कोड आहे. डागांवर उपचार करणं एक आणि डाग असतानाही नीट जगणं दुसरं, या दोन्ही गोष्टी ही संस्था सोबत धरते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘नितळ’ हा चित्रपटही कोड असलेल्या मुलीचाच.

या आजारात उजेडाचा उपयोग आपल्याकडे फार जुना आहे. आयुर्वेदात बावचीच्या बिया वापरायच्या आणि डाग उन्हात धरायचे असा उपचार आहे. इजिप्तमध्ये दुसऱ्याच एका वनस्पतीने तेच करत. आधुनिक काळात लक्षात आलं, की दोन्ही वनस्पतींत ‘सोरालेन’ वर्गातली रसायनं आहेत. सोरालेन पेशीच्या डीएनएत जाऊन बसतं आणि लांब तरंगाच्या अतिनील प्रकाशाने तिथे चिकटतं. रसायनाशिवाय उजेडाचा तेवढा परिणाम नाही आणि उजेडाशिवाय रसायनाचा नाही. म्हणूनच बावचीचं तेल लावून मनाने उन्हात बसणं धोक्याचं आहे. डोस चुकला की त्वचा भाजते, फोड येतात. झाडाचं आहे म्हणून निरुपद्रवी असतं, असं काही नाही.

आता त्वचारोगतज्ज्ञ बहुतेक वेळा ३११ नॅनोमीटरच्या आसपासचा अरुंद पट्ट्याचा अतिनील प्रकाश वापरतात. आठवड्यातून दोन-तीनदा, काही सेकंदांपासून सुरुवात करून हळूहळू वाढवत, आणि कित्येक महिने. यात दोन कामं होतात. हल्ला करणाऱ्या प्रतिकारपेशी शांत होतात आणि केसांच्या मुळाशी दडलेल्या रंगपेशींच्या मूळ पेशी जाग्या होऊन वर सरकतात. त्यामुळे रंग परत येताना आधी केसांभोवती बारीक ठिपके दिसतात आणि मग ते ठिपके एकमेकांना मिळतात. जिथे केसच नाहीत, जसं बोटांची टोकं, ओठ, तिथे या उपचाराला फारसं यश येत नाही. ‘हमखास गुण, सगळे डाग साफ’ अशी पाटी दिसली की हे आठवा. केसांची मुळं जिथे नाहीत तिथे हमी देणारा माणूस तुम्हाला पेशीबद्दल काहीच सांगत नाहीये.

लाल : तोंडातली जखम आणि इन्स्टावरचा मास्क

तिसरा रंग सध्या सगळ्यात जास्त विकला जातो. ‘रेड लाइट थेरपी’. त्याची गोष्ट सुरू होते १९६७ मध्ये, बुडापेस्टला. डॉ. एंद्रे मेश्टर उंदरांवर लेझरचा परिणाम तपासत होते. लेझर तेव्हा नवीन होता, त्याने काही अपाय होतो का हे बघायचं होतं. त्यांनी उंदरांची पाठ भादरली आणि मंद लाल लेझर टाकला. अपाय तर दिसला नाहीच, उलट लेझर टाकलेल्या उंदरांच्या पाठीवर केस लवकर उगवले.

असं का झालं असावं? आज सगळ्यात जास्त मानलं जाणारं उत्तर मायटोकॉन्ड्रियाकडे बोट दाखवतं. पेशीसाठी ऊर्जा तयार करणाऱ्या या कारखान्यात ‘सायटोक्रोम सी ऑक्सिडेज’ नावाचं एक एन्झाइम असतं, ते लाल आणि जवळचा अवरक्त प्रकाश शोषतं. थकलेल्या, जखमी पेशीत या एन्झाइमला नायट्रिक ऑक्साइड चिकटून काम अडवतं. उजेड ते सोडवतो आणि एटीपीचं उत्पादन पुन्हा वाढतं, अशी ही मांडणी. रशियातल्या तीना कारू यांनी यावर बरीच वर्षं काम केलं. शास्त्रज्ञांमध्ये यावर अजून वाद आहे, म्हणून याला मांडणीच म्हणायचं.

पण एका ठिकाणी परिणाम ठाम दिसलाय, आणि ते ठिकाण महाराष्ट्राच्या फार जवळचं आहे. तोंडाचा कर्करोग. तंबाखू, मावा, गुटखा. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी टपरीवर काय मिळतं ते कॉलेजच्या पोरांना सांगायला नको. तोंडाच्या, घशाच्या कर्करोगाला रेडिएशन देतात तेव्हा तोंडात आतून सगळीकडे फोड येतात. पाणी गिळणंही नकोसं होतं. खाणं तुटतं, वजन उतरतं, आणि काहींना उपचार अर्ध्यात थांबवावा लागतो. अशा वेळी तोंडाच्या आतून ठरावीक लाल लेझर ठरावीक सेकंद दिला, तर फोडांची तीव्रता आणि वेदना कमी होतात. कर्नाटकात मणिपाल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये यावर यादृच्छिक चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. कर्करोगाच्या रुग्णांची पूरक काळजी घेणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही २०२०च्या मार्गदर्शक सूचनांत हा उपचार सुचवला आहे. अर्थात कुणाला, कुठे आणि किती, हे ठरवायचं कर्करोगतज्ज्ञांनीच.

या लाल उजेडाची एक खोड आहे. थोडा दिला तर पेशीला चालना मिळते, फार दिला तर परिणाम नाहीसा होतो किंवा उलटा होतो. पिकाला युरिया घालतो तसंच. एक गोणी चांगली, म्हणून पाच गोण्या पाचपट चांगल्या नसतात.

मग मास्क घ्यायचा का?

ऑनलाइन एलईडी मास्क, केसांचे लेझर कंगवे, गुडघ्याचे पट्टे यांची रांग लागली आहे. यातलं सगळं खोटं नाही. केसांसाठीच्या एका लेझर कंगव्याला अमेरिकेच्या एफडीएने २००७ मध्ये ‘क्लिअरन्स’ दिला. पण क्लिअरन्स म्हणजे औषधाला मिळते तशी मान्यता नव्हे. आधीपासून बाजारात असलेल्या उपकरणासारखंच हे सुरक्षित आणि परिणामकारक आहे, एवढाच त्याचा अर्थ. जाहिरातीत मात्र दोन्ही शब्द एकच होऊन जातात.

म्हणून विकत घेण्याआधी चार प्रश्न विचारा.

पहिला, हे नेमकं कशासाठी आहे? मुरुमं, सुरकुत्या, सांधेदुखी, झोप आणि ‘डिटॉक्स’ हे सगळं एकाच दिव्याने बरं होत असेल तर विषय संपला. वेगवेगळ्या रेणूंना वेगवेगळे रंग लागतात, हे आपण वर पाहिलंच.

दुसरा, तरंगलांबी किती? डब्यावर ‘रेड लाइट’ पुरेसं नाही, नॅनोमीटरचा आकडा हवा. साधा लाल जिलेटिन कागद लावलेला बल्बही लालच दिसतो.

तिसरा, डोस किती? प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर किती मिलिवॉट पडतात, त्याला किती सेकंदांनी गुणायचं? ५० मिलिवॉट आणि ६० सेकंद म्हणजे ३ ज्यूल. हा आकडा कंपनी देत नसेल, तर औषधाच्या बाटलीवर मात्राच लिहिलेली नाही असं समजा. दिवा किती अंतरावर धरायचा हेही त्यातच येतं. अंतर बदललं की डोस बदलला.

चौथा, हे कुणावर आणि कशाशी तुलना करून तपासलंय? ‘मला फरक पडला’ म्हणणाऱ्या दहा रील्सपेक्षा, निम्म्या लोकांना खोटा दिवा देऊन केलेली एक चाचणी जास्त सांगते.

आणि एक काळजी. मुरुमांसाठी डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या घेणारे तुमच्यात असतील. ही गोळी त्वचेला उजेडाबद्दल हळवी करते. अशा वेळी डॉक्टरांना न विचारता चेहऱ्यावर कोणताही दिवा लावू नका. डोळ्यांचं तर सांगायलाच नको, लेझर डोळ्यात गेला तर दुरुस्ती नाही.

आपल्या हातात काय आहे?

हा विषय फक्त मेडिकलच्या मुलांचा नाही. दवाखान्यातल्या निळ्या ट्यूब जुन्या झाल्या की डोळ्यांना तेवढ्याच प्रखर दिसतात, पण त्यांची ताकद उतरलेली असते. बाळ दिव्याखाली आहे, घरचे निवांत आहेत आणि उपचार मात्र अर्धाच होतोय, असं घडू शकतं. हे कळायला उजेड मोजणारं मीटर लागतं. काचेवर साचलेली धूळ आणि वाढलेलं अंतर, एवढ्यानेही डोस घसरतो. म्हणून एलईडीची यंत्रं महत्त्वाची ठरली. ती जास्त टिकतात आणि तापत कमी. डी-रेव्ह या अमेरिकन संस्थेने तयार केलेलं ‘ब्रिलियन्स’ हे असं यंत्र चेन्नईच्या फिनिक्स मेडिकल सिस्टिम्सने बनवून बाजारात आणलं. कमी पैशांत, जास्त टिकणारं, लहान दवाखान्याला झेपेल असं काही बनवणं हे इंजिनीअरिंगचंच काम होतं.

राहुरीच्या परिसरात शेतीचं, इंजिनीअरिंगचं, फार्मसीचं, नर्सिंगचं शिकणारी मुलं एकाच एसटीने प्रवास करतात. शेडनेटच्या कोणत्या रंगातून कोणता उजेड किती खाली येतो, हे शेतीवाल्याला माहीत असतं. तो उजेड मोजणारा स्वस्त सेन्सर इलेक्ट्रॉनिक्सवाला जोडू शकतो. दवाखान्यातल्या दिव्याखाली नेमकं काय बघायचं, ते नर्सिंगवालीला ठाऊक असतं. दरवर्षी ‘आविष्कार’साठी विषय शोधत फिरणाऱ्यांनी यावर एकत्र बसायला हरकत नाही. फोटोथेरपीच्या दिव्याची ताकद उतरली की लाल खूण दाखवणारं एखादं स्वस्त मीटर बनलं, तर ते कित्येक लहान दवाखान्यांच्या कामी येईल. प्रयोग दिव्यावर करायचा, बाळावर नाही, एवढं मात्र पक्कं.

आणि मीटर बनो न बनो, एक गोष्ट तर आजपासून जमते. आपल्या घरात, गल्लीत, मावशीकडे, वस्तीवर कुठेतरी लवकरच एखादं बाळ पिवळं दिसणार आहे. तेव्हा मोठ्यांशी वाद घालत बसू नका. “ऊन नंतर दाखवू, आधी रक्त तपासून घेऊ,” एवढंच म्हणा आणि गाडी काढा.

बाळ पिवळं दिसलं तर

- जन्मानंतर पहिल्या २४ तासांतच पिवळेपणा दिसला, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. थांबू नका.
- तळहात आणि तळपाय पिवळे दिसत असतील, बाळ सुस्त असेल, अंगावर पीत नसेल, किंचाळून रडत असेल किंवा अंग ताठ करत असेल, तर तातडीने दवाखाना.
- शी पांढरट आणि लघवी गडद पिवळी होत असेल, किंवा कावीळ दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकली, तरी दाखवायलाच हवं.
- बाळाला दिवसाच्या उजेडात बघा. पिवळ्या बल्बखाली नीट कळत नाही. कपाळावर बोटाने हलकं दाबून सोडा आणि त्वचेचा रंग पाहा. तरीही खात्री रक्त तपासल्यावरच होते.
- दूध तोडू नका. बाळ जेवढं नीट पितं, तेवढी शी-लघवी होते आणि बिलिरुबिन बाहेर पडतं. वरचं पाणी, ग्लुकोजचं पाणी देऊ नका.
- दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. त्यांना बाळाचा रंग मुद्दाम दाखवा.
- सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहेत. जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयात नवजात बाळांसाठी विशेष कक्ष असतो. तातडीला १०८ला फोन करा.